एकशे नव्वद व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर

२ एप्रिल २०२५, बुधवार
निर्णय झाला. लेकीसाठी, हेमलतासाठी, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प मी स्वतः बनवणार. मुदत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी माझी बहीण दिपमाला माहेरी येते, शेजारच्या निंबा नानांच्या अंगणात झोका बांधतात, गावच्या सगळ्या लेकी गाणी म्हणतात. यंदा साथीला हेमलताची गिटार. पोरगी शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर गोठली, तेव्हापासून चार वर्षं कोणासमोर वाजवलेलं नाही. पण अ‍ॅम्पचं सांगितलं आणि लगेच हो म्हणाली. दर्जेदार साधनाची ओढ. माझ्यावर गेलीय.

३ एप्रिल
तिचा छोटा अ‍ॅम्प उघडून स्पीकर काढून घेतला. आता माघार नाही. तिलाही नाही.

६ एप्रिल, रविवार
जळगावला जाऊन आलो. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरसाठी फाइव्ह ए आर फोर व्हॉल्व्ह हवा होता. जुन्या रेडिओवाल्या भाईदासकडे फक्त फाइव्ह वाय थ्री. परतीच्या बसमध्ये नीट विचार केला. फाइव्ह वाय थ्रीच योग्य.

हेमलताचं म्हणणं, दोन डायोड लावले की झालं, व्हॉल्व्ह कशाला. समजावलं की जोरात वाजवलं की व्हॉल्व्हमधलं व्होल्टेज जरा खचतं, आवाज मऊ होतो, त्याला सॅग म्हणतात, परदेशात लोक त्यासाठी जीव टाकतात. ती म्हणाली, आपल्या गावाला तो फुकटच मिळतो.

७ एप्रिल
कालचं बोलणं उर्मट होतं, पण कल्पना त्यातूनच सुचली. गावात खरं व्होल्टेज किती येतं हे आजवर कोणी मोजलेलंच नाही. कॉलेजच्या लॅबमधून मीटर आणला. मी तिथे लॅब असिस्टंट. प्राध्यापक नुसतं शिकवतात. रोज दोन नोंदी, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. एकही दिवस चुकवायचा नाही.

१७ एप्रिल
दहा दिवस, वीस नोंदी. सरासरी १८८. एकदाही दोनशे नाही. शेतातल्या मोटारी आमच्याच लाइनवर, त्यामुळे असं. सगळं जग २३० धरून चालतं. मी वस्तुस्थिती धरून चालणार.

१९ एप्रिल, शनिवार
धुळे. कौतिक भाऊ पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, ट्रान्सफॉर्मरही बांधून देतो. त्याला कागद दिला. इनपुट १९०. आउटपुट तीनशे-शून्य-तीनशे. रेक्टिफायरच्या फिलामेंटला वेगळे पाच व्होल्ट, बाकीच्या व्हॉल्व्हना सव्वासहा. त्याने कागद दोनदा वाचला.

"साहेब, दोनशे तीसनाच करा. बठ्ठा तेच करतस."

म्हटलं, सगळे करोत, माझ्याकडे वीस नोंदी आहेत. तो म्हणाला, त्याच्याकडे तीस वर्षं आहेत. पण लिहून ठेवलेली नाहीत! इथेच फरक पडतो.

२४ एप्रिल
ट्रान्सफॉर्मर मिळाला. चार किलो. एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो, मांडी अजून बधिर. कंडक्टरने विचारलं, हे काय. सांगायला सुरुवात केली तेवढ्यात तो पुढे गेला.

२७ एप्रिल, रविवार
जोडणी पूर्ण. इनपुट १८६. बाकी आकडे तंतोतंत. आणि आवाज आला! थोडी गुरगुर आहे, पण ऊबदार गुरगुर. बायको, रत्ना, म्हणाली, फ्रिज बिघडला का. हेमलताचा चेहरा पांढरा पडला. भारावली असावी.

३० एप्रिल, आखाजी
हे लिहिणं भाग आहे म्हणून लिहितो.

अंगण भरलेलं. बायका झोक्यापाशी, पुरुष ओट्यावर पत्त्यांत. मी चार शब्द बोललो आणि बटण दाबलं. रेक्टिफायर आधी पिवळा झाला, मग पांढरा. आत निळी ठिणगी उडाली. मग ट्रान्सफॉर्मरमधून धूर. घाईघाईने मीटर लावला तर २४६.

निंबा नाना पत्ते पिसत म्हणाले, "आज आखाजी शे. आज कोन मोटर लावस?"

मला हे माहीत होतं. आखाजीला शेतात कोणी पाऊल टाकत नाही, मोटारी बंद असतात, जन्मापासून बघतोय. माझ्या तक्त्यात फक्त तो रकाना नव्हता.

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. तोंड कुठे लपवावं कळेना. तेवढ्यात हेमलताने गिटार उचलली, झोक्याच्या खाली जाऊन बसली आणि अ‍ॅम्पशिवाय तशीच वाजवायला लागली. ऐकू यावं म्हणून बायका जवळ सरकल्या, आवाज लहान करून गायल्या. नऊ गाणी झाली. दिपमाला डोळे पुसत होती. धुरामुळे असेल.

१ मे
सकाळी चहाच्या वेळी हेमलताला समजावून सांगितलं की तांत्रिक अडचण आली, तरी प्रकल्पाचा मूळ हेतू सफल झाला. अ‍ॅम्पच्या भरवशावर ती वाजवायला तयार झाली, हे महत्त्वाचं.

ती म्हणाली, भरवसा होताच. हा अ‍ॅम्प काही चालत नाही आणि आपल्याला वाजवावं लागत नाही, याचा. म्हणून तर हो म्हटलं होतं. रविवारी आवाज आला तेव्हा आता खरंच वाजवावं लागणार म्हणून ती घाबरली होती. काल धूर निघाल्यावर सुटल्यासारखं वाटलं.

मग वाजवलंस कशाला, असं विचारलं.

"तुमचं तोंड बघवेना, पप्पा."