थंड हवा विकणाऱ्याची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, धंदा फ्रिज आणि एसी दुरुस्ती, आज पूर्ण शुद्धीवर आहे. तशी चिठ्ठी डॉक्टरांनी दिली असून ती सोबत टाचली आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. बायको शेजारच्या खोलीत आहे, तरीही हे विधान मी जबाबदारीने करतो. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हे आनंदात लिहितो आहे, इतक्या आनंदात की वकीलबाईंनी मला दोनदा पाणी प्यायला लावले.

एक. राहते घर, म्हणजे दुकानावरच्या तीन खोल्या, पत्नीला. बेडरूममधला एसीही तिचाच. तो कसा आला ते मात्र नोंदवून ठेवतो. गल्लीतला पहिला एसी मी शिंप्याकडे बसवला. त्याची गरम हवा समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खिडकीत शिरली आणि आठवड्यात त्या माझ्याकडे धावत आल्या. त्यांची हवा औषधवाल्याकडे, औषधवाल्याची छापखान्यात. मी शिडी घेऊन नुसता पुढच्या दारी सरकत होतो. फेरा पुरा होऊन ती हवा आमच्याच बेडरूममध्ये आली, तेव्हा पत्नी म्हणाली, "सगळ्या गल्लीला गार केलंत, आता घरच्यांनी उकडून मरायचं का?"

दोन. या यंत्रांना वीज लागते, विजेला कोळसा, कोळशाचा धूर वर साठून उष्णता अडवतो, उन्हाळा लांबतो आणि माझा फोन वाजतो. इतका बिनचूक धंदा दुसरा नसेल. मला हे कळत नव्हते असे नाही. कळून घ्यायला सवड नव्हती. म्हणून बँकेतल्या शिल्लकेतून गल्लीतल्या सगळ्या गच्च्या पांढऱ्या रंगवाव्यात आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे बसवावेत. सुरुवात डॉक्टरीणबाईंपासून करावी. त्यांनी माझे दोन दात उगाच काढले, तरीही.

तीन. दुकानात माझ्या जोडीला असणाऱ्या मेहुण्याला माझी स्कूटर, शिडी, आणि ज्या स्टुलावर बसून तो तीस वर्षे सल्ले देत आला ते स्टूल. सल्ले त्याने स्वतःकडेच ठेवावेत.

चार. आता मुद्द्याचे. दुकान मी मुलीला देतो. मुलगी म्हणजे बारकी, वय एक्केचाळीस.

एसी उघडण्याआधी आतला गॅस काढावा लागतो. तो यंत्राने सिलिंडरमध्ये भरून घ्यायला पाऊण तास लागतो. नळी सैल करून हवेत सोडला की अर्ध्या मिनिटात काम. आमच्याकडे सगळेच सोडत, मीही जन्मभर सोडला. नऊ वर्षांपूर्वी बारकीने गिऱ्हाइकांसमोर माझा हात धरला.

"बाबा, या एका किलोत मोटारीचा चार-पाच महिन्यांचा धूर आहे. एका हाताने खोली गार करताय आणि दुसऱ्याने बाहेर शेकोटी पेटवताय."

"अगं, वर कोण बघायला जातंय?" मेहुणा म्हणाला, आणि सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. वर म्हणालो, "जमत नसेल तर घरी बस."

ती घरी बसली नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिने स्वतःचे दुकान काढले. तिचा फोन येतो तो आईला. त्या हसण्याची मला लाज वाटते. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते वकीलबाईंना सांगता आले नाही, म्हणून साधेच लिहिले.

तेव्हापासून, तिला न कळवता, मी गॅस भरून ठेवू लागलो. मेहुण्याच्या हातून वाचला तेवढा अकरा सिलिंडरांत आहे. ते हा गॅस जाळून नष्ट करणाऱ्या कारखान्यात जायला हवेत, आणि ते तिथे पाठवायचा परवाना बारकीकडे आहे. तिने दुकान नाकारले तर ते मेहुण्याकडे जाईल, कारण तीस वर्षे घामही त्यानेच गाळला आहे. मग पहिल्याच सोमवारी तो सिलिंडर अंगणात उघडून रिकामे करील आणि भंगारात घालील. हे त्याने मला तोंडावर सांगितले आहे. माणूस सरळ आहे.

सहीपूर्वीची नोंद. पहिले साक्षीदार, छापखानेवाले, वेळेवर आले. दुसरे औषधवाले यायचे होते. त्यांनी फोन केला की उन्हाने चक्कर आलेल्यांची दुकानात रांग लागली आहे. पत्नीने मला न विचारता बारकीला बोलावून ठेवले होते. बारकीने उभ्या उभ्या सगळा कागद वाचला. पत्नी म्हणाली, "हीच करेल की सही," आणि तिच्या हातात पेन दिले.

वकीलबाई घाईने म्हणाल्या, "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही हं. तुम्ही सही केलीत की दुकान गेलं."

मेहुणा उठून उभा राहिला. बारकीने चौथे कलम पुन्हा काढले.

"बाबा, अकराच?"

"तेवढेच वाचवता आले गं."

तिने पेनाला टोपण लावले, ते माझ्या खिशात खोचले आणि गॅलरीत जाऊन खाली पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनला हाक मारली, "काका, पत्रं राहू द्या. आधी वर येऊन एक सही करा."

साक्षीदार:
१. छापखानेवाले (सही)
२. पोस्टमन (सही)

लिहून देणार: बारकीचा बाप (सही)
स्थळ: दुकानावरची बाहेरची खोली
तारीख: चौदा मे, दुपारी साडेतीन