चोवीस पानांवरच्या सह्या

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

जुळे सोलापूर
१० जून २०२५

चि. शिवूस अक्काचे आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले ते रिवाज म्हणून. तुझा भयंकर राग आलाय, अक्षर वाईट आलं तर त्यामुळे समज. फोनवरच बोलणार होते, पण तू दोनदा कापलास आणि तिसऱ्यांदा सुकन्येच्या हातात दिलास. तुझ्या बायकोला मी काय बोलणार? म्हणून पत्र लिहिते. हे मध्येच कापता येणार नाही.

आमच्या विभागात ओजेटीचं काम माझ्याकडे आहे, हे तुला नव्यानं सांगायला नको. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी कुठंतरी एकशेवीस तास प्रत्यक्ष काम शिकायचं, रोज डायरीचं एक पान लिहायचं, प्रत्येक पानाखाली मालकानं सही-शिक्का करायचा, मग चार क्रेडिट मिळतात. ते नाहीत तर पदवी नाही. यंदा सात मुली मी तुझ्या चिंचोळीच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात पाठवल्या. ऑर्डर कशी घेतात, कापड किती लागेल ते कसं काढतात, माल कसा तपासतात, हे त्यांना शिकवायचं असं करारात आपण दोघांनी बसून लिहिलं होतं. तू काय शिकवलंस? शाळा उघडायच्या तोंडावर तुला हात कमी पडत होते, म्हणून पदवीच्या मुलींना महिनाभर शर्टांचे धागे कापायला आणि खोकी भरायला बसवलंस. तेही पाच तासांऐवजी नऊ तास.

सहा जणींनी तुझ्या मॅनेजरनं फळ्यावर लिहून दिलेलं डायरीत उतरवून काढलं. त्या पास झाल्या. बुद्धप्रियानं तसं केलं नाही. तिच्या पहिल्या पानावर आहे, ‘आज धागे कापले. पाचशे चाळीस शर्ट.’ दुसऱ्या पानावर, ‘आज धागे कापले. सहाशे दहा शर्ट.’ पहिली काही पानं चाळली तेवढ्यातच मला कळायचं ते कळलं. जे केलं ते लिहिलं, एवढाच तिचा गुन्हा, आणि तू सही करायला नकार दिलास. वर माझ्या ऑफिसात पाकिटातून कोरी डायरी पाठवलीस, पोरीकडून पुन्हा नीट लिहून घे, मी डोळे मिटून सही करतो, असा निरोप देऊन. लाज नाही वाटली तुला?

काल तिचे वडील आले होते. नागनाथ त्यांचं नाव, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. पुण्याच्या एका कंपनीनं मुलीला नोकरी दिली आहे, पंधरा जुलैपर्यंत पदवीचा निकाल दाखवायचाय. आवाज चढवला नाही त्यांनी. पोरीनं चुकीचं काय लिवलंय तेवढं दावा की, असं म्हणून डायरी माझ्या टेबलावर उघडून उभे राहिले. मला एक ओळ दाखवता आली नाही.

ती डायरी या पत्रासोबत पाठवत नाही, तुझ्यावर विश्वास उरलेला नाही. विभागात ये आणि सह्या कर. तोवर लोभाबिभाची भाषा माझ्याकडून होणार नाही.

तुझी अक्का,
धनलक्ष्मी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चिंचोळी एमआयडीसी
१३ जून २०२५

ती. अक्कास शिवूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. सुकन्येनं आधी वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही, तेव्हा तुझं निम्मं काम झालं म्हण. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. तू पीएचडी केलीस, मी बारावीनंतर मशिनवर बसलो. पण पत्राला पत्रानंच उत्तर देतो, नाहीतर म्हणशील शिवू पळाला.

फेब्रुवारीत माझ्या केबिनमध्ये रडकुंडीला कोण आलं होतं? साठ पोरं आहेत, जागा पन्नास मिळाल्यात, चिंचोळीत कुणी दारात उभं करत नाही, तम्मा तू तरी सात जणी घे, हे कोण म्हणालं? शेजारच्या कारखानदारानं तुला चहासुद्धा विचारला नव्हता. मी घेतल्या. मे महिन्यात माझे निम्मे कारागीर लग्नाला गावी जातात आणि शाळावाले रोज फोन करून डोकं खातात. त्या धांदलीत तुझ्या पोरींना शिकवत बसायला मी काय प्राध्यापक आहे? काम होतं ते दिलं. दोन वेळा चहा दिला, पंख्याखाली बसवलं. एखाद्या वेळी तोंडातून काही गेलं असेल, सीझनमध्ये कुणाचं जात नाही?

आता तुझं. तीन स्थळभेटींचे अहवाल तुझ्या सहीनं फायलीत आहेत. सहा मे, बारा मे, सव्वीस मे. अक्का, महिनाभरात तू कारखान्याच्या फाटकात पाय तरी ठेवलास का? जूनच्या पहिल्या रविवारी आपण अक्कलकोटला अव्वाकडे जेवायला बसलो होतो. शेंगापोळी खाता खाता तू तिन्ही अहवाल लिहिलेस, आणि तू फोनवर सांगितलं होतंस म्हणून मी खिशात आणलेला शिक्का त्यावर मारला. घरचाच कारखाना, तिथं येऊन काय बघायचंय, हे तुझेच शब्द.

त्या पोरीच्या डायरीत प्रत्येक पानावर ‘प्राध्यापकांची भेट’ असा रकाना आहे. मॅनेजरनं मला दाखवला. चोवीसच्या चोवीस पानांवर तिनं ‘नाही’ लिहिलंय. मी सही केली की ते खरं ठरतं. मग तुझे अहवाल काय ठरतात? तुझी नोकरी जाईल याचा विचार तू केला नाहीस, मी केला. कोरी डायरी मी माझ्यासाठी पाठवली नव्हती.

एवढं करून लाज मीच धरायची. असो. राग गिळायची सवय मला लहानपणापासून आहे, तुझी माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझा,
शिवू


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

अक्कलकोट
१८ जून २०२५

चि. धना हिला अव्वाचा आशीर्वाद. सांगणार ईरम्मा, लिवणार शेजारची महेश्वरी. महेश्वरीला सांगितलंय, मी बोलते तसंच लिव, तुजं शाळंतलं घालू नको.

शिवूचा फोन आला हुता. अहवालाचं समदं सांगितलं त्यानं. अक्काला समजावून सांग, तुजं ऐकंल, म्हन्ला. मी सांगते म्हन्ले. म्हणून सांगते, गप ऱ्हा. नोकरी हाय, इज्जत हाय, भाऊ एकच हाय. झालं माजं त्याचं सांगून.

आता माजं ऐक. त्या रविवारी तू पानं पुढ्यात घिऊन लिवत बसली हुतीस. मला वाटलं, माजी लेक सुट्टीच्या दिशी बी कॉलेजचं काम करती, किती हुशार हाय. मी तुज्या पोळीवर वरनं तूप वाढलं. आन् तू माज्या ताटावर बसून खोटं लिवत हुतीस व्हय? त्यो शिक्का मारत हुता आन् मी त्याला म्हन्ले, सावकाश मार, डाग पडंल. मला वाचाया येत न्हाय म्हणून माज्याम्होरं लिवलं का तुमी? वाचता येणारी दुसरी कोन बाई आसती तर तिच्याम्होरं लिवलं आसतं का?

मला लई राग आलाय. दोगांचा बी. ती पोरगी कुनाची कोन, मला ठावं न्हाय. खरं लिवून ती घरी बसणार आन् खोटं लिवून तुमी माज्या घरी जेवणार, हे मला पटंना. काय करायचं ते तू कर, तू शिकलेली हाईस. पर ते निस्तरल्याबिगर माज्याकडं जेवाया यायचं न्हाय. दोगांनी बी.

माया हायच, ती कुटं जातीया. पर आता दाराबाहेर हाय.

ईरम्मा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

जुळे सोलापूर
२४ जून २०२५

चि. शिवूस अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधीपेक्षा जास्त राग आला, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पाच दिवस मी ते पर्समध्ये घालून फिरले. मग अव्वाचं आलं. त्यानंतर मी माझी फाईल काढून बसले.

बारा मेचा अहवाल पाहिला. मी लिहिलंय, ‘सातही विद्यार्थिनी हजर. सर्व जणी कामात मग्न. अनुभव समाधानकारक.’ बुद्धप्रियाच्या डायरीत त्या तारखेला आहे, ‘आज बुद्धपौर्णिमा. रजा.’ शिवू, त्या दिवशी आमचं विद्यापीठसुद्धा बंद होतं. पोळीचा घास तोंडात आणि तारखा मनाला येतील तशा, कॅलेंडरकडे मान वर करून पाहायचे कष्टही मी घेतले नाहीत. मुलगी घरी सण करत होती आणि मी तिला तुझ्या टेबलावर कामात मग्न बसवून ठेवलं होतं.

विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. ते चिडलेसुद्धा नाहीत, याचीच मला चीड आली. सगळ्यांच्या भेटी अशाच असतात मॅडम, म्हणाले, मुलीकडून दोन-चार पानं बदलून घ्या, विषय संपवा. मी ऐकलं नाही. तिन्ही अहवाल खोटे आहेत असं लेखी दिलं. ओजेटीचं काम माझ्याकडून काढलंय आणि चौकशी लागली आहे. नोकरीचं काय होईल ते होईल. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबतं. फार वाईट वाटतं, पण त्याची तक्रार तुझ्याकडे करत नाही.

समितीनं त्या मुलीसाठी एक वाट ठेवली आहे. चोवीसही पानांवर तुझी सही-शिक्का हवा, तीस तारखेपर्यंत. एक पान जरी राहिलं तरी तिनं पुढच्या वर्षी पुन्हा एकशेवीस तास करायचे. म्हणजे पुण्याची नोकरी गेली. तू विभागात फिरकला नाहीस, म्हणून नाइलाजानं डायरी या पाकिटात पाठवते आहे. माझी मान वाचवायचं कारण आता तुला उरलेलं नाही.

पाठवण्याआधी मात्र मी ती पूर्ण वाचली, कालच, पहिल्यांदा. दहा मेचं पान काढ. बुद्धपौर्णिमेची रजा मागायला ती तुझ्याकडे आली होती. ती लिहिते, ‘दुपारी सव्वातीन वाजता पॅकिंग विभागात मालकांकडे सोमवारची रजा मागितली. मालक म्हणाले, तुमच्या लोकांना सगळं आयतं मिळायची सवय, काम नको, सुट्ट्या पाहिजेत. रजा मंजूर केली.’ बस, एवढंच. खाली, ‘आज धागे कापले. चारशे नव्वद शर्ट.’

दिवसाला नऊ तास फुकट राबणाऱ्या मुलीला तू आयत्याचं बोललास. हे तुझ्या तोंडी कुठून आलं असं विचारणार होते, पण विचारवलं नाही. हेच वाक्य मी आपल्या घरी, जेवताना, पाहुण्यांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. ऐकून आमटी वाढून घेतली आहे. तेव्हा तुझ्यावर ओरडताना मी स्वतःला सोडलेलं नाही, एवढं समज.

आता तुझ्या हातात आहे. लोभ मागत नाही, तुझी सही मागते आहे.

अक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चिंचोळी एमआयडीसी
२९ जून २०२५

ती. अक्कास शिवूचा नमस्कार.

माझा राग गेलेला नाही, हे आधी लिहितो. गावभर बोभाटा झाला. दुसऱ्या एका कॉलेजनं पुढच्या वर्षीचा करार रद्द केल्याचं पत्र धाडलंय. अव्वा फोन उचलत नाही. सुकन्या बोलते, पण तुझीच बाजू घेऊन. तुला आधी माझ्याशी बोलून मग लेखी देता आलं असतं. हे मी विसरणार नाही.

डायरी उद्या सकाळी मी स्वतः विभागात आणून देईन. कारकुनाकडे देईन, तुला भेटणार नाही.

तेवीस पानांवर शुक्रवारीच सह्या केल्या. धागे कापले, धागे कापले, खोकी भरली. खोटं काही नाही त्यात, खरंच महिनाभर तेवढंच दिलं मी त्यांना. दहा मेचं पान राहिलं. मला वाटलं, ही पोरगी पदरचं घालते आहे. मी असं बोलल्याचं मला काडीचंही आठवत नव्हतं, तुझी शपथ. सिद्धरामेश्वरापुढे उभं करून विचारलं असतंस तरी मी नाही म्हणालो असतो. म्हणून काल मॅनेजरला बोलावलं आणि विचारलं, खरं सांग, मी असं बोललो होतो का. त्याला आठवावंसुद्धा लागलं नाही. म्हन्ला हुतात की सायेब, तुमी लई जोरात म्हन्ला हुतात, आमी समदे हसलो हुतो, असं तो सहज सांगून गेला. आणि मला सांगतानासुद्धा थोडं हसला.

त्या टेबलाभोवती पस्तीस-चाळीस माणसं असतात, अक्का.

तो गेल्यावर मी ते पान पुन्हा वाचलं. वेळ आहे, जागा आहे, माझे शब्द आहेत, रजा मंजूर केली हेसुद्धा तिनं लिहिलंय. कुणी हसल्याचं लिहिलेलं नाही.

सही केली, शिक्का मारला. सहीच्या वर मालकाच्या शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा असते. त्यात लिहिलंय, ‘हे मी म्हणालो. तेव्हा आम्ही सगळे हसलो, ते हिने लिहायचं राहिलं आहे.’

तुझा,
शिवू