चिखल्याच्या गच्चीवरून दिसेल असे रॉकेट

रविवार, ३ डिसेंबर २०२३
आजपासून रोजनिशी. प्रयोग करणाऱ्याने नोंदी ठेवल्या पाहिजेत. पुढे कोणी विचारले तर.

रॉकेटला सी मोटर लावली. यशस्वी. डोमाच्या बांधीतला धान कापून झाला आहे, जागा मोकळी. रॉकेट सरळ वर गेले, पॅराशूट फुलले, तणसाच्या ढिगावर अलगद उतरले. डोमा म्हणाला, दिवाळीच्यापेक्षा बरं हाय. शेतकरी माणूस, त्याला मी काय समजावणार.

बायकोला, करुणाला फोन केला. दहा दिवसांपासून ती चिखल्याला, भावाकडे आहे. हवापालट. मँगनीजच्या खाणीशेजारी हवा कितपत पालटते, हे मी विचारले नाही. नऊ वाजता गच्चीवर उभी राहा असे सांगितले होते. उभी होती. "दिसलं का?" विचारले. नाही म्हणाली.

साहजिक आहे. कुठे आमची मोहाडी, कुठे चिखला. मोटर लहान पडली.

सोमवार, ४ डिसेंबर
नीट विचार केला. ती रागावून गेली असे घनश्याम, म्हणजे माझा साळा, समजतो. तसे काही नाही. गणपतीपासून डोळ्यांची तक्रार होती. नागपूरच्या डॉक्टरची तारीख मी दोनदा बदलली हे खरे. पण दोन्ही वेळा मोटरीचे पार्सल येणार होते आणि कुरिअरवाला शेजाऱ्यांकडे देत नाही. वयाप्रमाणे चष्मा लागतो. मलाही लागला.

खरी गोष्ट वेगळी आहे. अठ्ठावीस वर्षांत तिने माझे काही उंच गेलेले पाहिलेले नाही. कापडाचे दुकान आहे तेवढेच राहिले. एकदा तिने माहेरच्या गच्चीवरून, भावाच्या देखत, माझे रॉकेट पाहिले की ती आपणहून बॅग भरेल.

मोटरीचे अक्षर एक वाढले की ताकद दुप्पट. डी मागवली.

रविवार, १७ डिसेंबर, सकाळी ११
डी मोटर. उत्तम. डोमाची म्हैस दोर तोडून पळाली, म्हणजे आवाजही दुप्पट.

करुणाला दिसले नाही. मले सारंच धूसर दिसते, डाव्या अंगाचं तं दिसतच नाही, असे काहीतरी म्हणत होती. मी तिला मूळ मुद्द्यावर आणले. कोणत्या दिशेला पाहत होतीस? तिने फोन पार्वताला दिला. पार्वता घनश्यामची बायको. ती म्हणाली, वन्सं जिना उतरताना पडल्या, गुडघा फुटला.

गच्चीला कठडा आहे का ते विचारायचे राहिले. पुढच्या वेळी.

मंगळवार, १९ डिसेंबर
पॅराशूट फाटले. डोमाच्या म्हशीने पाय दिला. सात वर्षे सगळी पॅराशूटे करुणा शिवायची. आता मी शिवतो. त्यात काय आहे? कोष्ट्याच्या घरचा आहे मी.

दुकानातला तलम कोशाच्या रेशमाचा तुकडा घेतला. गोल कापला. जवळपास गोल. खळ घातली, कडक इस्त्री केली. आमच्या घरातून बिनखळीचे कापड कधी बाहेर गेलेले नाही. आजोबांचे वाक्य आहे, कापडाची इज्जत खळीत. करुणाच्या पॅराशूटांनाही मीच खळ देत आलो, म्हणून ती इतकी सुरेख उघडायची.

रविवार, ७ जानेवारी २०२४
ई मोटर. उंची अभूतपूर्व. उतरणे थोडे वेगात झाले. पॅराशूट नळीतून बाहेर यायला कचरले. नाकाडाचा भाग बांधीत वीतभर रुतला, तो डोमाने कुदळीने काढला. दोष माझा नाही. मोटरीला वर न्यायची घाई होती, खाली आणायची नव्हती.

करुणा: नाही दिसले.

मला आता राग येतो. माणूस इतके करतो. मी म्हणालो, नीट पाहत जा. फोन बंद झाला.  रेंज गेली असावी.

शनिवार, १३ जानेवारी
ठरले. एफ मोटर, आणि जागाही बदलायची. आंबागड किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथून चिखला कितीतरी जवळ. शिवाय वर गेल्यावर लाल धूर दिसावा म्हणून नळीत पाव किलो गुलाल. ही कल्पना माझी एकट्याची आहे.

आंबागडच्या सरपंचांना रीतसर अर्ज दिला. विषय: वैज्ञानिक व कौटुंबिक कारणास्तव अग्निबाण उडविणेबाबत. त्यांनी दोनदा वाचला आणि सही केली.

गुरुवार, २५ जानेवारी
घनश्यामचा फोन. करुणाचे ऑपरेशन नागपूरला, मंगळवारी तीस तारखेला. काचबिंदू म्हणे.

एफ मोटर कालच आली. हवामान ॲप सांगते, सबंध आठवड्यात वारा फक्त तीसलाच पडेल. मी घनश्यामला शांतपणे समजावले की नागपूरहून रॉकेट दिसणे शक्य नाही, तेव्हा ऑपरेशन बुधवारी ठेवता येईल का. तो म्हणाला, "भाऊजी, तुमी काय बोलून राहिले, तुमाले समजून राहिलं का?" आणि फोन ठेवला. खाणीत काम करून माणसाचा स्वभाव असा होतो.

तीस कायम. व्हिडिओ काढू. पट्टी निघाली की तिला मोठ्या स्क्रीनवर दाखवू. नाहीतरी ऑपरेशनच्या खोलीत नवऱ्याला आत घेत नाहीत.

मंगळवार, ३० जानेवारी, दुपारी १
आंबागड. डोमा मला त्याच्या मोटरसायकलवर सामानासकट घेऊन आला. गावची चाळीसेक माणसे जमली. एका म्हाताऱ्याने नारळ फोडला.

रॉकेट गेले. काय गेले. किल्ल्याच्याही वर, मान मोडेपर्यंत. मी ओरडलो, करुणा बघ. डोमाने माझ्याकडे पाहिले.

मग रॉकेटची टोपी उडाली, पण पॅराशूट आले नाही. नळीच्या तोंडाशी पापडासारखे अडकून बसले. गुलाल आतच राहिला. रॉकेट उलटे फिरले आणि आले तसे खाली, मुरमात. तीन तुकडे. त्या तुकड्यांतून थोडा गुलाल सांडला तेवढाच.

डोमा परत येताना म्हणाला, "वहिनींचं आपरेशन आज हाय ना जी? तं तुमी इथं काहून?" मी सांगितले, वारा आजच पडला होता. त्याने मोटरसायकलचा वेग वाढवला. 

गुरुवार, १ फेब्रुवारी. नागपूर
करुणाच्या डाव्या डोळ्यावर पट्टी.

डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डावा जवळपास गेलाच आहे. उजवा आहे तेवढा राखायचा. दोन-तीन महिने आधी आले असते तर गोष्ट वेगळी होती. का नाही आलात, असे त्यांनी विचारले.  घनश्याम माझ्याकडे पाहत होता. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत राहिलो. मला अगदी शेवटची ओळही स्वच्छ दिसते.

डॉक्टर आणि घनश्याम बाहेर गेल्यावर करुणानेच विचारले, रॉकेट कसं गेलं? आंबागडचे तिला पार्वताने सांगितले होते. मी म्हणालो, फार छान. पॅराशूट फुलासारखे उघडले.

"खळ काढली होती ना?"

मला कळेना. मग ती सांगू लागली, हळूहळू, जसे मुलाला सांगतात. "तुमी खळ द्यायचे, अन् तुमी दुकानात गेले का मी कोमट पाण्यात काढून टाकायची. कडक कापड नळीतून निघत नाही जी. तुमाले सांगतलं असतं तं तुमी ऐकलं नसतं."

सात वर्षे. प्रत्येक पॅराशूट.

मी म्हणालो, हो, काढली होती.

मग मी म्हणालो, आता घरी चल, एफच्या पुढची जी मोटर मागवतो, अंगणातून पाहा, गच्चीची गरज नाही. ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "तुमाले पाहणारी पाहिजे जी. मी आता त्या कामाची नाही रायली. मी घनश्यामपाशीच राहीन." आणि पाण्याचा ग्लास शोधायला हात पुढे केला. ग्लास उजवीकडे होता. मी तो उचलून तिच्या हातात देईपर्यंत ती दोनदा हवेत चाचपडली. 

रविवार, ४ फेब्रुवारी
काल तिला सुट्टी मिळाली. घनश्यामने चिखल्याला नेली.

आज सकाळी नऊला फोन केला. दुसरे काही विचारायचे नव्हते, फक्त डोळा कसा आहे. दुखतो का, थेंब कोण टाकते. पार्वता म्हणाली, वन्सं झोपल्या आहेत. बरे म्हटले. झोप चांगली, जखम भरते.

अकराला केला. झोपल्या आहेत. औषधाने झोप येते, मी ऐकले आहे.

दीडला केला. झोपल्या आहेत. जेवून झोपली असेल.

चारला केला. पार्वता "झोपल्या" म्हणायच्या आधी थोडी थांबली, आणि मागे कोणीतरी तिला हळूच काहीतरी सांगितले. तो आवाज मी अठ्ठावीस वर्षे ऐकतो आहे.

ती झोपलेली नाही. मला माहीत आहे.