आप्पा चाक उचलतात

तेलगाव, मंगळवार

प्रिय सिदू,

तुझ्या बर्फातल्या नव्या चौकीवर फोन लागत नाही हे बरंच झालं असं आज पहिल्यांदा वाटलं. हे मला तोंडानं सांगताच आलं नसतं. आम्ही दोघं बरे आहोत, म्हैस बरी आहे, एवढं आधी वाच आणि मग पुढं जा. तुझे आप्पा तुझ्या त्या काळ्या क्रूझर मोटारसायकलवर व्हीली मारायला, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलून चालवायला, शिकतायत.

हो, आपलेच आप्पा. मला अजून खरं वाटत नाही. लग्नात घोड्यावर बसायला नको म्हणून नवरदेव असून चालत आलेला हा माणूस. एसटीत कधी खिडकीशी बसला नाही, वारं लागतं म्हणून. आणि मी परवा या डोळ्यांनी त्यांना मागच्या एका चाकावर जाताना बघितलं.

इकडचं तुला काय सांगू. धरणात पाण्याऐवजी भेगा दिसतात, टँकर एक दिवसाआड येतो, माझ्या अंगणवाडीतली निम्मी लेकरं आईबापाबरोबर बाहेरगावी गेली. साखर कारखान्याचा बॉयलर यंदाही पेटला नाही. ऊसच नाही तर गाळणार काय? आप्पांना काट्यावर यायची गरज नाही असं सांगितलं, तरी ते कितीतरी दिवस डबा घेऊन जात होते. रिकाम्या वजनकाट्याच्या खोलीत बसून यायचे. मग तेही थांबलं. ओसरीत भिंतीकडं तोंड करून बसायचे, दाढी करायचे नाहीत, म्हशीनं दावं तोडलं तरी उठायचे नाहीत. मी काय बोलले तर हूं म्हणायचे. मला भीती वाटायची, सिदू. कसली ते लिहीत नाही.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी तुझ्या गाडीवरची ताडपत्री काढली. उभ्या उभ्या बॅटरी बसते म्हणाले. मला बरं वाटलं, काहीतरी हाताला लागलं. रोज दुपारी गाडी घेऊन जायला लागले, दाढी करायला लागले, दोन भाकरी जास्त खायला लागले. कुठं जाता विचारलं तर कारखान्यावर, एवढंच. पायाला खरचटलेलं दिसलं तर म्हणाले, किक बसली. मी विश्वास ठेवला. ती गाडी बटणावर सुरू होते हे मला तरी कुठं ठाऊक होतं!

कारखान्याच्या आवारात एका बाजूला यंदा चारा छावणी लागलीय. आपली म्हैस तिथंच आहे. शेजारच्या दावणीला दगडाबाईची जनावरं असतात, ती वडवणीकडची, पिढ्यानपिढ्या गुरं राखणारी बाई. परवा तीच मला म्हणाली, तुमचं मालक गाडीवर बसून आभाळाकडं बघत जातेत, त्यांना काय झालंय? मला वाटलं चक्कर येते की काय. शेणाच्या हातानं तशीच निघाले.

पलीकडं, जिथं हंगामात ऊसगाड्यांची रांग लागायची, ते सगळं मैदान मोकळं पडलंय. वॉचमन बंकट हातात काठी घेऊन मधोमध उभा होता. आप्पांनी तुझं हेल्मेट घातलेलं, कमरेला टॉवेल आवळून बांधलेला. गाडी हळूहळू आली, एकदम मोठ्यानं गुरकावली, आप्पा मागं रेलले आणि पुढचं चाक वर गेलं. जरासं नाही, सिदू. त्या चाकाखालून मला पलीकडची कारखान्याची चिमणी दिसली. मला वाटलं, आता हा माणूस पाठीवर पडणार, आणि एवढं धूड त्याच्या छातीवर येणार.

तसं झालं नाही. त्यांनी घाबरून एकदम सगळं सोडलं, चाक धाडदिशी आदळलं, गाडी वाकडीतिकडी गेली आणि आडवी झाली. बंकट धावला. दोघांनी मिळून ती कशीबशी उभी केली. पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं. आप्पांचं कोपर फुटलं होतं, आणि ते हसत होते. मला बघितलं तेव्हा हसू थांबलं.

हे काय चालवलंय तुम्ही, एवढंच मी म्हणू शकले.

ते चोरी सापडल्यासारखे उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, "उचलता येतंय. खाली ठेवता येत न्हाई."

मी किल्ली काढून घेतली आणि ज्वारीच्या कणगीत लपवली. त्यांनी एका शब्दानंही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणवाडीतून आले तर पुन्हा ओसरीत, भिंतीकडं तोंड. ती पाठ बघून मी तशीच कणगीकडं गेले. मी किल्ली आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. शहाणी बाई असं करणार नाही, ठाऊक आहे. पण पडलेला माणूस उचलता येतो. त्या भिंतीपासून त्यांना कसं उठवायचं ते मला वर्षभरात सापडलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना, ताटाकडं बघतच, ते म्हणाले, "मागचा ब्रेक दाबायचा म्हणतो बंकट. पन त्या टायमाला पाय हलतच न्हाई. सिदूच्या पायाला कसं कळायचं?"

मी घास तसाच धरून बसले. हंगाम सुरू करायच्या मोळीपूजनाच्या दिवशी तू कारखान्याच्या गेटसमोर चाक उचललंस, सगळी माणसं टाळ्या वाजवत होती, आणि हे काट्याच्या खोलीतून बाहेर येऊन चारचौघांत म्हणाले की या पोराला मी ओळखत नाही. त्यानंतर तू भरतीला गेलास. तेव्हापासून या घरात त्यांच्या तोंडून तुझं नाव निघालं नव्हतं. तुझा फोन आला की ते उठून अंगणात जायचे. तूही कधी त्यांना दे म्हणाला नाहीस. मी मध्ये पडले नाही, कारण दोघांतला कोण आधी मोडेल याची मला धास्ती होती.

म्हणून हे लिहिलं. ते तुला कधी विचारणार नाहीत. मी लिहायला बसले तेव्हा ओसरीतून दोनदा आत डोकावून गेले, पण लिहू नको म्हणाले नाहीत. तिथं हातमोज्यातून बोटं बाहेर काढता येतील तेव्हा एक वेगळा कागद घे. चाक वर असताना पाय कुठं ठेवायचा, केव्हा दाबायचा, किती दाबायचा, सगळं सविस्तर लिही. तुला जसं कळलं तसं लिही. पाकिटावर माझं नाव नको, त्यांचं घाल, सुंदरराव म्हणून. वर प्रिय आप्पा लिहायला हात धजला नाही तर नको लिहूस, थेट पायापासून सुरुवात कर. पण लवकर कर, बाळा. ते रोज दुपारी जातात.

तुझीच,
आई