प्रफुल्लच्या सिनेमानंतरची वाटणी

मी, मंगलाबाई पुंजाराम काकड, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहिते. स्मरणशक्ती शाबूत आहे. थोरल्याचा सिनेमा अजून विसरता आलेला नाही, हाच पुरावा.

१. राहते घर प्रफुल्ल व जीवन या माझ्या दोन्ही मुलांना समाईक. मधे भिंत घालू नये.

२. गुलाबाचा मळा जीवनला. तिथे तोच राबतो. प्रफुल्ल मुंबईत सिनेमे काढतो, त्याने हरकत घेऊ नये.

३. प्रफुल्लच्या सिनेमाची सीडी त्याची त्याला परत. त्यात बाप गुप्तहेर, आई गुप्तहेर, पोरंही गुप्तहेर, आणि शेजारपाजाऱ्यांना पत्ता नाही. मखमलाबादेत तरी हे अशक्य. खलनायक बंदूक रोखून आपला सगळा बेत सांगत बसतो, तोवर आई पोळ्या अर्ध्यावर टाकून येते आणि त्याला लाथ घालते. एवढं मी सोसलं असतं. पण हसवायला एक खुळा मामा ठेवलाय, तो शेणखताच्या खड्ड्यात पडतो. त्याचं चालणं, बोलणं, चौकटीचा सदरा, सगळं जीवनचं.

थिएटरात अख्खी भावकी हसली. जीवन मध्यंतरातच उठला. "दादानं विचारलं असतं, तर मी स्वतः पडून दाखवलं असतं," एवढंच बोलला.

मी प्रफुल्लला झापलं. तो म्हणाला, "आई, तो जीवन नाही गं, कॅरेक्टर आहे."

"मग कॅरेक्टरला माझ्या लेकाचा सदरा कशाला?"

सिनेमातलं कुटुंब दोन तास एकमेकांशी खोटं बोलून एका गाण्यात गळ्यात पडतं. माझी मुलं तीन वर्षं बोललेली नाहीत. वडिलांच्या श्राद्धालाही वेगवेगळ्या पंगतीत बसली.

४. पाटल्या जीवनच्या लेकीला, पायलला. मोडू नयेत.

५. परवा दुपारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला होता. जीवन एकटाच बघत होता. मामा खड्ड्यात पडला आणि जीवन पोट धरधरून हसला. मी दारात दिसताच ओशाळला. "दादाला सांगू नको हं."

मी शब्द दिला. जिवंत असेपर्यंत पाळीन. प्रफुल्ल, हे वाचलं जाईल तेव्हा जीवन तुझ्या शेजारीच बसलेला असेल. माफीचं पहिलं वाक्य तू बोल. गाणं नको.

मंगलाबाई पुंजाराम काकड (सही)

आमच्यासमोर सही केली, हसत केली:
वाळू गंगाराम पिंगळे (सही)
अक्काबाई लहानू तिडके (सही)

मखमलाबाद, नाशिक
१२ फेब्रुवारी २००४