पंख विभागाची बाजू

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मी गेल्यावर संग्रहालयाने मागितली तर तेव्हाचं तेव्हा.
आमच्या क्षेपणास्त्राची चाचणी २८ तारखेला. विमानाच्या उजव्या अंगाला टांगणार, हवेत सोडणार, एका सेकंदाने इंजिन पेटणार. नाकातला डोळा लक्ष्य बघतो, कॉम्प्युटर कुठे वळायचं ते ठरवतो, आणि प्रत्यक्ष वळवतात शेपटीचे चार पंख. पंख म्हणजे माझा विभाग. डोळा आणि मेंदू तसे मदतनीसच.
विभागप्रमुख जूनमध्ये रिटायर. चाचणी झाली की खुर्ची माझी.
संकल्प : पाचला उठणे. मीटिंगमध्ये कमी बोलणे.

४ मार्च
पावणेआठला उठलो. मनाने पाचलाच उठलो होतो, शरीर मागे राहिलं. मीटिंगमध्ये फक्त चाळीस मिनिटं बोललो. काही जण तर डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होते.

९ मार्च
पंखांच्या वायरिंगचं चित्र पूर्ण. फिटरने विचारलं, साहेब, हे नाकाकडून बघून काढलंय की शेपटीकडून? वीस वर्षं इथे आहे आणि असले प्रश्न! म्हटलं, कुठूनही बघ, चांगलंच दिसेल. डोकं खाजवत गेला.

१४ मार्च
वैमानिक ठरला. माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ! घरचं माणूस. ही जेवता जेवता थांबली. म्हणाली, अहो, त्याला काही होणार नाही ना? म्हटलं, पंख माझे आहेत. म्हणाली, म्हणूनच विचारतेय.
मायेपोटी माणूस काहीबाही बोलतो.

१९ मार्च
तपासणीवाल्या बाई आल्या. त्यांना टेबल टेस्ट हवी. म्हणजे क्षेपणास्त्र टेबलावर ठेवायचं, नाकासमोर दिवा धरून उजवीकडे न्यायचा आणि पंख योग्य बाजूला वळतात का ते बघायचं. वीस मिनिटांचं काम, म्हणाल्या. माझ्या हुद्द्याच्या माणसाने दिवे फिरवायचे? उद्या बघू म्हटलं.

२३ मार्च
बाई परत येऊन गेल्या म्हणे. मी फोटोसाठी केस कापायला गेलो होतो. चाचणीनंतर फोटो निघणारच.

२६ मार्च, दुपारी ४
बाईंची आई आजारी, त्या रजेवर. फॉर्म माझ्या टेबलावर. ‘टेबल टेस्ट झाली : हो / नाही.’ टेस्ट मी मनातल्या मनात नीट करून पाहिली. चोख निघाली. ‘हो’वर खूण केली. सही सुरेख आली.

२८ मार्च, सकाळी ६
नवा कोट. भाषण पाठ. बाहेर वारा अजिबात नाही. शुभशकुन.

२८ मार्च, संध्याकाळी
वारा असावा.
लक्ष्य उजवीकडे होतं. क्षेपणास्त्र स्वच्छ सुटलं, इंजिन पेटलं, आणि ते डावीकडे वळलं. वळण फार देखणं होतं. फक्त विमानाच्या नाकासमोरून होतं. मेव्हण्याने रेडिओवर एक शब्द उच्चारला, तो इथे लिहीत नाही. त्याने विमान वर खेचलं आणि थोडक्यात वाचला. क्षेपणास्त्र समुद्रात गेलं. त्याच्या पोटात स्फोटकं नव्हती, वाळू होती, म्हणजे तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं.
कंट्रोल रूममध्ये सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, पंखांनी हुकूम तंतोतंत पाळला. डोळावाले म्हणाले, हो, उलटा.
फोटो निघाले नाहीत.

३० मार्च
चौकशी. डाव्या-उजव्याच्या वायरी उलट जोडलेल्या निघाल्या. चित्र मी नाकाकडून काढलं होतं, फिटरने जोडणी शेपटीकडून केली. मी शांतपणे सांगितलं, समोरून बघितलं तर सगळं बरोबर आहे. डायरेक्टर म्हणाले, समोरून फक्त शत्रू बघतो.
फिटर सस्पेंड. वाईट वाटलं. पण विभागाची बाजू मांडायलाच हवी. लेखी खुलासा द्यायचाय.

१ एप्रिल
खुलासा तयार. अकरा पानं. मुद्दे : वारा, फिटर, बाईंची रजा. भाषा ओघवती झालीय. हिला वाचून दाखवायला गेलो, तिला नेमकी भाजी निवडायची होती.

२ एप्रिल
मेव्हणा आला. चहाचा कप त्याने तसाच ठेवला. मी तिकडे बघितलं नाही. त्याने खुलासा मागितला. उत्साहाने दिला. घरात कुणीतरी वाचतंय!
अकराच्या अकरा पानं वाचली. मग म्हणाला, भावोजी, एक गोष्ट यात सापडली नाही. टेबल टेस्ट केली होती का?
ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.
मी वाऱ्याबद्दल सांगायला लागलो. तो म्हणाला, हो की नाही तेवढं सांगा.
नाही म्हटलं.
ओरडला असता तर बरं झालं असतं. पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. म्हणाला, फिटर माझ्या पाया पडायला आला होता. चूक माझीच असणार, म्हणत होता. मग बूट घालून गेला.
हिने कपबशा उचलल्या.

३ एप्रिल
नवा खुलासा दिला. ‘चित्रावर बाजू लिहिली नव्हती. फिटरने विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही. टेबल टेस्ट केली नव्हती. सही माझी आहे.’
फिटर सोमवारी कामावर येतोय. विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी बाईंचं नाव गेलंय. माझं काय करायचं ते ठरायचंय.
डायरेक्टरांनी कागद माझ्यासमोरच वाचला. म्हणाले, इतक्या वर्षांत तुम्ही लिहिलेलं पहिल्यांदाच एका वाचनात कळलं.