जीप, तिचा अल्टरनेटर व माझी इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावीस, धंदा गाड्यांच्या वायरिंगचा, शिक्षण आठवी पास व नववीची सहामाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, पोटभर जेवून आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, कागद हातातून ओढून घेतला होता. "सत्ताविसाव्या वर्षी मृत्युपत्र? आधी लग्नपत्रिका छाप," असे ती म्हणाली. कागद परत मिळाला आहे. एक कोपरा दुमडला आहे, तो खाडाखोड समजू नये.

मी आजारी नाही. छातीत धडधडते म्हणून डॉक्टरांकडे दोनदा गेलो, त्यांनी काही नाही असे सांगितले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मलाच त्यांच्या स्कूटरचा हॉर्न तपासायला लावला. परंतु मी दिवसातले सहा तास गाड्यांच्या खाली झोपून काम करतो आणि जॅकवर माझा विश्वास नाही. सबब हे लिहून ठेवत आहे.

कलम १. राहते घर व त्याला लागून असलेली माझ्या कामाची शेड आत्याच्या मालकीची आहे. ती मी कोणाला देऊ शकत नाही. आत्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. ताई नऊ वर्षांची आणि मी सहा वर्षांचा असताना ती आम्हाला इथे घेऊन आली आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. मीही इथे जास्त लिहीत नाही.

कलम २. बँकेत जे शिल्लक असेल ते ताईला द्यावे. तिने त्यातून शिलाई मशीनची मोटर बदलावी. आताच्या मोटरचा वास मला आवडत नाही. हे मी तिला चार वेळा सांगितले आहे.

कलम ३. हत्यारे. मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि वायरीची टोके दाबण्याचा पाना ज्याला काम येते अशा माणसाला द्यावा. कोणाला ते ताईने ठरवावे, पण त्याने आधी एक जोड करून दाखवावा आणि तो जोड ताईने ओढून बघावा. स्क्रू ड्रायव्हरचा संच ताईलाच. ती तो नाहीतरी न विचारता नेते.

ड्रिल मशीन माझे नाही. ते शेजारच्या सुताराचे आहे. तो विसरला आहे, मी विसरलेलो नाही. मात्र माझी शिडी तीन वर्षे त्याच्याकडे आहे आणि ती तो विसरलेला नाही. म्हणून दोन्ही वस्तूंची अदलाबदल एकाच वेळी, एकाच दारात व्हावी. आधी ड्रिल देऊ नये.

कलम ४. माझा शब्दकोश, पुठ्ठ्याची नवी बांधणी केलेला, आरोग्य केंद्राच्या कंपाउंडरला द्यावा. फळ्यावर त्यांनी लिहिलेल्या सूचना मी चार वर्षे वाचत आहे.

कलम ५. चौतीस वर्षे जुनी जीप, चारही चाकांना जोर असलेली, कागदोपत्री माझ्या नावावर आहे. ती वनखात्याच्या लिलावातून मी घेतली, पण ती घेतली आत्यासाठीच. नदीच्या कोरड्या पात्रापलीकडच्या वस्त्यांवर दुसरी गाडी चढत नाही, आणि तिथल्या बाळांना लस टोचायला आत्या महिन्यातून दोनदा जाते. जीप आत्याला द्यावी. आत्या निवृत्त झाली की तिच्या जागी येणाऱ्या नर्सला द्यावी, पण तिला खडीवर गाडी चालवता येते का हे आत्याने शेजारी बसून पाहावे.

सूचना : इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये. कोणी शहाणा "आम्ही असंच तपासतो" म्हणाला तर त्याला जीपपासून दहा पावले लांब उभे करावे. इंजिन जरा वेगात असताना मीटरवर चौदा व्होल्ट दिसावेत. तेरापेक्षा कमी दिसले तर नदी ओलांडू नये.

कलम ६. अल्टरनेटर. हे कलम लांब आहे.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग. जीपचा मूळ अल्टरनेटर पस्तीस अँपिअरचा होता. दोन वर्षांपूर्वी त्यात चिखल जाऊन तो बसला. त्याच सुमारास केंद्राकडून आत्याला लसींची, गाडीच्या विजेवर चालणारी थंड पेटी मिळाली होती, तेव्हा मी ठरवले की आता मोठाच बसवायचा. गल्लीच्या टोकाला भंगाराचे आवार आहे. तिथल्या काकांनी एका मोडीत निघालेल्या ट्रकचा पंचाहत्तर अँपिअरचा काढून दिला. ते आधी हाताने फिरवतात, कानाशी धरतात, आणि मगच देतात. "घेऊन जा, माझा शब्द," म्हणाले. त्या काळी ते रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून आत्याला पेपर वाचून दाखवत. आत्याला वाचता येत नाही असे नव्हे. तिला त्यांचे वाचणे आवडे, आणि मधे मधे त्यांना टोकणे त्याहून आवडे.

अल्टरनेटर मी चांगला बसवला. पट्टा एका रेषेत आणायला दोन वॉशर घातले, नवा पट्टा आणला, ताण अंगठ्याने दाबून पाहिला. पण अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाणारी वायर जुनीच ठेवली. ती पस्तीस अँपिअरसाठी होती. पंचाहत्तरसाठी पेन्सिलीएवढी जाड लागते, हे मला ठाऊक होते. तशी वायर त्या दिवशी माझ्याकडे नव्हती, आणि आत्याला सकाळी निघायचे होते. मी मनात म्हटले, एक फेरी निघेल.

वरच्या वस्तीच्या अलीकडे वायर वितळून तुटली. वीज जायला वाट उरली नाही म्हणून दाब वाढला आणि अल्टरनेटरमधले डायोड जळाले. पेटीने बॅटरी पिऊन टाकली आणि जीप बंद पडली. आत्या लसींची पिशवी बर्फात घालून सात किलोमीटर चालत खाली आली. तोपर्यंत बर्फ विरघळला होता. एकवीस बाळांची लस फेकावी लागली आणि एकवीस आया मुलांना घेऊन पुन्हा घरी गेल्या.

जीप मी ओढून आणली. जळालेली वायर काढली, जाड वायर टाकली, आणि मग आत्याला सांगितले की अल्टरनेटर गेला. एवढेच सांगितले. आत्या तडक आवाराच्या फाटकाशी गेली. मी मागे होतो. सगळी गल्ली ऐकत होती.

"असला कुजका माल देता? बाळांच्या लसी होत्या त्यात."

"सिस्टर, मी कानानं ऐकून दिला होता," काका म्हणाले.

"मग कान तपासून घ्या. केंद्रात या, फुकट आहे."

काका माझ्याकडे वळले. "पोरा, वायर जाड टाकली होतीस ना?"

"टाकली होती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जळका परत घेतला आणि आतून दुसरा अल्टरनेटर आणून दिला. आज जीपमध्ये आहे तो हाच, आणि तो दोन वर्षांत एकदाही कुरकुरलेला नाही. काका मात्र त्या दिवसापासून मागच्या गल्लीने जातात. आवाराच्या फाटकावर आता पाटी आहे : माल गिऱ्हाइकाने स्वतः तपासून घ्यावा. आत्या संध्याकाळी एकटीच पेपर वाचते आणि लवकर मिटून ठेवते.

कलम ७. सबब मी लिहून देतो, की काकांचा पहिला अल्टरनेटर चांगला होता. दोष माझ्या वायरीचा होता आणि खोटे मी बोललो. माझ्या मरणानंतर ताईने कलम ६ आवाराच्या फाटकाशी उभे राहून आत्यासमोर मोठ्याने वाचावे, कारण आरोप तिथेच झाला होता. शेडमधला, काम घट्ट पकडून ठेवणारा बिडाचा मोठा शिकंजा काकांना द्यावा. त्यांना तो आवडतो.

(कलम ७ वर मी रेघ मारली आहे. ही रेघ माझी आहे. कारण पुढीलप्रमाणे.)

मजकूर तपासायला ताईला दिला. तिने सहावे कलम दोनदा वाचले आणि विचारले,

"डॉक्टर काय म्हणाले तुझ्या छातीबद्दल?"

"काही नाही म्हणाले."

"म्हणजे तू पंचाहत्तरीपर्यंत जगणार. तेव्हा काका किती वर्षांचे असतील?"

मी हिशेब केला. काका आज अडुसष्टचे आहेत. एकशे सोळा आले. मी पुन्हा करून पाहिला, तेवढेच आले.

"आणि मी त्या वयात फाटकाशी उभी राहून मोठ्यानं वाचू?" ताई म्हणाली. "ऊठ."

आत्या दुपारच्या जेवणाला घरी आली होती. मी तिला तिथेच सांगितले. तिने ताट सरकवले, हात धुतले, चपला घातल्या. फाटकाशी मी कागद वाचला. एकही ओळ गाळली नाही.

काका हातातला पाना पुसू लागले. "मी तो जळका अल्टरनेटर तीनदा उघडला," ते म्हणाले. "डायोड बघून वाटायचं, वायर गेली असणार. पण तू टाकली म्हणालास. मग मी माझ्यातच खोट शोधत बसलो. दोन वर्षं कोणाला छातीठोक काही सांगितलं नाही रे."

आत्या बोलली. तेव्हा बोलली होती तेवढ्याच चढ्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असे. "चूक माझी. मी न विचारता बोलले. तुमचे कान ठणठणीत आहेत." मग माझ्याकडे वळून, "तुझं मी घरी बघते."

"त्याला फार बोलू नका, सिस्टर," काका म्हणाले. "थोडं बोला."

घरी तिने मला जीपचे बॉनेट उघडायला लावले आणि प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते विचारले. दीड तास. एवढेच झाले. मी याहून वाईटाची तयारी ठेवली होती.

कलम ७ अशा रीतीने माझ्या हयातीतच पार पडले आहे. शिकंजा मी आजच हातगाडीवर घालून काकांकडे पोचवला. वकिलाच्या कारकुनाने सांगितले होते की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. काकांना आता यातून काहीही मिळत नाही, म्हणून मी त्यांनाच विचारले.

हे माझे पहिले व आजपर्यंतचे एकमेव मृत्युपत्र आहे. सर्व पाने माझ्या हस्ताक्षरात असून प्रत्येक पानावर सही आहे. आम्हा तिघांनी एकाच खोलीत, एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : एकोणीस, मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटे

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १ : (सही) पोस्टमन. त्यांनी काही वाचले नाही, पेन चालते का तेवढे विचारले.

साक्षीदार २ : (सही) भंगाराच्या आवाराचे मालक. यांनी सगळा मजकूर वाचला, जे आवश्यक नव्हते. मग, "नव्या वायरीला फ्यूज कुठं बसवलास?" असे विचारले. अल्टरनेटरच्या बाजूला, असे मी खरे सांगितले. "बॅटरीच्या बाजूला घे, वायर कुठं घासली तर आग बॅटरीच लावते," ते म्हणाले, "उद्या सकाळी आठला येतो, दोघं मिळून बदलू. सिस्टरना सांग, निघायची घाई करू नका."